जाम चौकापुढं मदत केलेल्या अनोळखी भावांचे आभार

परवा पहाटे कापूस भरून हिंगणघाटच्या मार्केटला चाल्लो होतो, जाम चौक ओलांडला अन् मागून एक टँकरवाला भाऊ सारखा हॉर्न मारे, मले वाटलं साइड मागते, पण तो पुढं येऊन ओरडला, "अबे, ट्रॉलीच्या चाकातून धूर निघून राह्यला!" पाह्यलं तं डाव्या बाजूचा हब, म्हंजे चाकाचा मधला बेअरिंगवाला भाग, असा तापलेला का हात टेकवत नव्हता. वर कापूस, विचार करा.

चूक माहीच. मागच्या हंगामात ट्रॉली नाल्याच्या पाण्यातून काढली, सील फाटून पाणी आत गेलं, अन् म्या ग्रीस काही बदललं नाही. घरघर आठवडाभर ऐकू येत होती, पण सोयाबीन काढायच्या घाईत कोण पाह्यते!

चहाच्या टपरीवरचे एक काका पाणी ओतू देत नव्हते, म्हणे गरम लोखंड तडकते, थंड होऊ दे. जॅक त्याहीचाच. मोटरसायकलवाला पोरगा जुन्या बेअरिंगचा नंबर घेऊन हिंगणघाटहून नवीन घेऊन आला, पेट्रोलचे पैसेही घेतले नाही. बेअरिंगची बाहेरची रिंग जुनीच ठेवू म्हटलं तं काका भडकले, रिंग अन् आतलं बेअरिंग दोन्ही बदलल्याशिवाय हात लावत नाही म्हणे. रोलरमधी ग्रीस दाबून दाबून भरलं, चाक फिरवत नट कसला, मंग थोडा ढिला करून पिन टाकली.

टँकरवाल्या भावाचं नावही इचारलं नाही. काका, तुमचा पाना माह्या टूलबॉक्समधी राह्यला, पुढच्या खेपेले आणून देतो.