सुटीतही टोल्यांवर जेवण पोहोचावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुटी लागली की शालेय पोषण आहार बंद होतो. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, 2013 मध्येच सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे हे जेवण शाळेच्या सुट्या वगळून देण्याची तरतूद आहे. अंगणवाडीतील लहान भावंडांना मात्र अशी सुटीची अट नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये आणि पुन्हा मे 2016 मध्ये दुष्काळग्रस्त भागांत सुटीतही भोजन देण्याचे आदेश दिले होते. ज्या गडचिरोली जिल्ह्यात मी प्राथमिक शिक्षक म्हणून काम केले, तेथील टोल्यांवर (मूळ गावापासून दूरच्या लहान वस्त्यांवर) दुष्काळ जाहीर झालेला नसतानाही मे महिना कठीणच जातो. आईवडील पहाटे तेंदूपाने तोडायला रानात जातात, दुपारी परतून पुडे बांधायला बसतात आणि तोवर मुले रात्रीच्या उरलेल्या भातावर असतात.

2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा कोरडा शिधा वाटला गेला. शाळेजवळच्या घरांनी तो लगेच नेला, पण चार किलोमीटरवरच्या टोल्यापर्यंत आम्हाला तो सायकलवरून न्यावा लागला, कारण वाहतुकीसाठी वेगळी सोयच नव्हती. वास्तविक दिवसाला 100 ग्रॅम या प्रमाणाने पहिली ते पाचवीच्या मुलाचा चाळीस दिवसांचा तांदूळ चार किलो होतो, सहावी ते आठवीच्या मुलाचा 150 ग्रॅमप्रमाणे सहा किलो. एवढे ओझे एका टोल्यावर एका फेरीत सहज पोहोचते.

तरीही माझा आग्रह शिध्यापेक्षा शिजवलेल्या अन्नाचा आहे. घरात आलेले चार किलो तांदूळ सगळ्यांच्याच पातेल्यात जातात, आणि त्यात त्या माउलीचा काही दोष नाही. आहार शिजवणाऱ्या स्वयंपाकी-मदतनीस महिलांना वर्षातून दहाच महिन्यांचे मानधन मिळते. त्यांपैकी ज्या टोल्यावरच राहतात, त्यांना सुटीतील मानधन देऊन तेथेच चूल पेटवता येईल आणि जेथे अशी बाई नाही तेथे डाळ-तेलासह शिधा घरपोच द्यावा. राज्य शासनाने वाहतूक खर्चासह याची तरतूद एप्रिल संपण्यापूर्वी करावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, जि. गडचिरोली