−३ − ५ किती, हे मला शिकवणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीला

प्रिय मुली,

नाव लिहायचं नाही, असं तू निघताना बजावलंस. तेवढं पाळते. पण आभार मात्र चारचौघांतच मानणार. तू काय केलंस, ते गणित शिकवणाऱ्या माझ्यासारख्या बाकीच्यांनाही कळायला हवं.

गेल्या वर्षी जूनमध्ये तू कसलासा दाखला न्यायला शाळेत आली होतीस. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष सुरू होतं तुझं. आठवीच्या वर्गात प्रोजेक्टरवर अवयव पाडण्याचा व्हिडिओ चालू होता आणि तू दाराशी थांबून बघत होतीस. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड मोबाईलने स्कॅन करायचा आणि ‘दीक्षा’ या सरकारी ॲपवरचा व्हिडिओ वर्गाला दाखवायचा, हे मी बरेच दिवस करत होते. मुलं चिडीचूप बसायची, आणि गप्प आहेत म्हणजे समजतंय असं मी धरून चालले होते. तास सुटल्यावर तू विचारलंस, “बाई, यातलं कितीजणांना आलं?”

“सगळ्यांनी नीट बघितलं की.”

“बघितलं तर मीपण. आलं कितीजणांना?”

त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. सव्वीस वर्षं शिकवते आहे. सहामाहीचे पेपर तपासले की कोण नापास झालं ते कळायचं, पण नेमकं कुठे अडलं ते कळायचं नाही. कळलंच तर तोवर पुढचे चार धडे होऊन गेलेले असायचे.

पुढच्या शनिवारपासून तू सकाळच्या शाळेला हजर. खान अकॅडमी या फुकट शिकवणाऱ्या संकेतस्थळावर वर्ग उघडायचा हे तुझंच डोकं. मुलांना ईमेल नाहीत म्हणून मी आधीच हात टेकले होते. शिक्षकाला स्वतःच मुलांची खाती काढून देता येतात, हे तू दाखवलंस. बावन्न मुलांची युजरनेम आणि पासवर्ड आपण एका फुलस्केप वहीत लिहिले. ती वही अजून माझ्या कपाटात आहे, कडा पार दुमडल्यात तिच्या. लॅबमध्ये संगणक अकरा, चालू आठ. मग आठ-आठांच्या तुकड्या केल्या. एक तुकडी वीस मिनिटं लॅबमध्ये तुझ्यापाशी, बाकीची मुलं वर्गात माझ्यापाशी वहीत गणितं सोडवत. चित्रकलेच्या सरांनी आपला तास दिला, त्यांचेही उपकार आहेत. लाईट गेली की तू न कुरकुरता तीच गणितं फळ्यावर उतरवून द्यायचीस. बाबा शिफ्ट करून घरी आले की मोबाईल मिळेल, अशी ज्यांची सोय होती त्यांना घरी सोडवायला दिलं. ज्यांची नव्हती, त्यांना लॅबमध्ये एक फेरी जास्त. हा हिशेबही तूच ठेवलास.

पहिले दोन शनिवार भलत्याच गोष्टींत गेले, पण त्यांनीही मला शिकवलं. तिथे गुणिलेसाठी मध्ये एक टिंब देतात. आपल्या पुस्तकात फुली असते. मुलांनी ३·४ ला तीन दशांश चार धरलं आणि उत्तरं पार चुकली. एका मुलीने दीड लिहिताना पूर्णांकानंतर जागा सोडली नाही आणि ते अकरा छेद दोन झालं. “माझं बरोबर आहे, यंत्र चूक म्हणतंय,” असं म्हणून ती रडकुंडीला आली. मी तिला पुन्हा अपूर्णांक समजावायला निघाले होते. तू तिच्या मागे उभी राहिलीस, स्पेसबारवर बोट ठेवलंस आणि म्हणालीस, “तुझं बरोबरच आहे. फक्त एवढी जागा सोड.” चूक गणितातली की लिहिण्यातली, हे आधी बघायचं. मी आता वह्या तपासतानाही तसंच बघते.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं, ते सांगते.

त्या महिन्यात माझं घोडं अवयवांवर अडलं होतं. एक्सचा वर्ग वजा ८ एक्स अधिक १५. दोन संख्या शोधायच्या, गुणाकार १५ आणि बेरीज −८. तीनदा शिकवलं, व्हिडिओ दाखवले, गृहपाठ दिला, तरी निम्मा वर्ग अडलेला. चौथ्यांदा शिकवायच्या तयारीत होते, तेव्हा तू म्हणालीस, “थांबा बाई, आधी सहावीचं देऊन बघू.” पूर्णांक संख्यांच्या बेरीज-वजाबाकीचा सराव दिलास, तोही प्रत्येकाला वेगळे प्रश्न न देता सगळ्या वर्गाला तेच प्रश्न येतील असा. मग रिपोर्ट उघडून एकेक प्रश्न दाखवलास. कुणी काय उत्तर लिहिलं, सगळं समोर. −३ − ५ या प्रश्नाला निम्म्याहून जास्त मुलांचं उत्तर एकच, ८.

मुलांना विचारलं तर एका सुरात उत्तर आलं, “मायनस मायनस प्लस, बाई!”

हा गुणाकाराचा नियम आम्हीच घोकून घेतलेला. −३ आणि −५ चा गुणाकार १५, हे त्यांना येत होतं. बेरजेलाही तोच नियम लावला की −८ कुठून येणार? मी अवयव शिकवत होते आणि गाठ दोन वर्षं मागे बसलेली होती.

तू खडू घेतलास. फळ्यावर उभी रेघ मारलीस आणि म्हणालीस, “हा राजाराम बंधारा. धोका पातळी किती?” त्रेचाळीस फूट! पंचगंगेच्या पुराची पातळी याच बंधाऱ्यावर मोजतात, हा आकडा कोल्हापुरातल्या पोराला झोपेतही येतो. “त्रेचाळीसला शून्य लिहू. पाणी चाळीसवर आहे, म्हणजे?” वजा तीन. “आणखी पाच फूट उतरलं?” पस्तीस. “म्हणजे शून्याच्या किती खाली?” वर्ग दोन क्षण गप्प. मग मागच्या बाकावरचा, सुतारवाड्याकडचा तो मुलगा उभा राहिला. २०२१ च्या पुरात त्याच्या घरात पाणी शिरलं होतं. म्हणाला, “वजा आठ. अधिक आठ म्हणजे एक्कावन्न फूट हुईल की, बाई! उतरल्यालं पाणी वर कसं जाईल?”

ते वाक्य मी त्या वर्षभर फळ्याच्या कोपऱ्यात ठेवलं. कुणाला पुसू दिलं नाही.

सेमी इंग्लिशची ही मुलं सारखं ‘मायनस’ म्हणतात. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये हे नियम मांडले ते धन आणि ऋण म्हणून. धन म्हणजे जवळचं, ऋण म्हणजे देणं. तीनशेची उधारी आणि वर पाचशेची उधारी म्हणजे आठशेचं देणं. दुकानात हे कुठलंही पोर चुकत नाही. आता मी इंग्रजीतून शिकवतानाही ‘ऋण’ हा शब्द फळ्यावर लिहितेच.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर तू मला जे सांगितलंस, ते इथे लिहू का, असं मी तुला फोनवर विचारलं होतं. तू हो म्हणालीस. “बाई, मीपण नववीपर्यंत असंच करायचे. विचारायची लाज वाटायची. पुढे क्लासमध्ये एकदा आपोआप कळलं.” तू माझ्या वर्गात होतीस. तुझ्या वह्या मीच तपासल्या होत्या. चुकीवर लाल फुली मारली आणि पुढे गेले. याचं मला फार वाईट वाटतं. आज आभारासोबत तुझी माफीही मागते.

खान अकॅडमीची सुरुवात कशी झाली ते तूच सांगितलं होतंस. अमेरिकेतले सलमान खान (सिनेमातले नव्हेत) २००४ मध्ये लांब राहणाऱ्या नादिया या नात्यातल्या बहिणीला फोनवरून गणित शिकवायचे. २००६ पासून व्हिडिओ टाकायला लागले, तेव्हा भावंडं म्हणाली की तू समोर असण्यापेक्षा व्हिडिओत बरा. थांबवता येतं, मागे नेता येतं, पुन्हा विचारायची लाज नाही. हे ऐकताना मला तू नववीतली, तिसऱ्या बाकावरची दिसत होतीस.

तू पुण्याला नोकरीला गेलीस, पण लॅब चालू आहे. आता दर शुक्रवारी संध्याकाळी मी रिपोर्ट बघते आणि शनिवारी चार-पाच मुलांना जवळ घेऊन बसते. सत्तर टक्के बरोबर आलं की तिथे ‘फॅमिलियर’ म्हणजे ओळख झाली, सगळं बरोबर आलं की ‘प्रोफिशियंट’ म्हणजे पक्कं आलं. पण त्या शब्दांपेक्षा मी चुकलेली उत्तरं आधी वाचते, तू सांगितलंस तशी. व्हिडिओही दाखवते, पण पाच मिनिटं, आणि ज्याला हवा त्यालाच.

सुतारवाड्याकडचा तो मुलगा यंदा नववीत आहे. बहुपदी चांगल्या येतात त्याला. यंदाच्या आठवीत चौघांचं अजून अडलंय. तिघांचं कुठे ते सापडलं, चौथीचं काही केल्या सापडत नाही. तिची सगळी उत्तरं उतरवून ठेवली आहेत. दिवाळीत घरी येशील तेव्हा आल्याआल्या फोन कर, सगळी घेऊन तुझ्याकडेच येते.

तुझ्या बाई