लॅबवाल्या ताईंना, उशिरा लिहिलेलं पत्र

ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पत्ता माझ्याकडे नाही. मागच्या दिवाळीत पेढ्यांचा डबा घेऊन बसस्टँडसमोर आलो, तर लॅबच्या जागी मोबाइलचं दुकान लागलेलं. शेजारच्या चहावाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "ताईचं लग्न झालं, अमरावतीकडे गेली म्हणतात." जुना नंबरही लागत नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे. कोणीतरी तुम्हाला दाखवेलच. आणि यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीकडची पहाटे चारला उठून रोडवर पळणारी पोरं वाचतील, तेही मला हवंच आहे.

काळी लघवी झालेला, मोठ्या भावाच्या खांद्यावर हात टाकून आलेला तो पोरगा मी. पोळा आठवड्यावर आला होता. तुमच्या लॅबच्या तीन पायऱ्या चढायला मला किती वेळ लागला, ते तुम्ही काउंटरमागून पाहत होतात. मांड्या दगडासारख्या टणक झाल्या होत्या, हात लावला तरी डोळ्यांत पाणी यायचं. तुम्ही लगेच बाहेर येऊन प्लास्टिकची खुर्ची पायऱ्यांजवळच आणून ठेवली आणि म्हणालात, "भाऊ, इथंच बसा, रक्त इथंच घेते."

तोवर माझ्यापाशी कोणी खुर्ची आणली नव्हती, ताई. लहानपणापासून मला एकच शब्द ऐकायची सवय होती: अंगचोर. बाबा म्हणायचे, काका म्हणायचे, शाळेत पीटीचे सर म्हणायचे. बोअरिंगवर पाणी भरायला गेलो की दहा-बारा वेळा दांडा हापसला की हात आखडायचे, मूठ दांड्यावरच अडकून बसायची, बोटं एकेक करून सोडवावी लागायची. मागे गुंड घेऊन उभ्या असलेल्या बाया हसायच्या. बंडी चिखलात रुतली आणि सगळ्यांनी मिळून रेटा दिला, की दुसऱ्या दिवशी मी खाटेवरून उठत नसे. "एवढं पोट्टं, अना म्हाताऱ्यासारखं करून राहिलं," असं आजी म्हणायची. वावरात जातानाही तेच. घरातून निघालं की पहिल्या काही मिनिटांत पाय लाकडाचे व्हायचे, मी धुऱ्यावर बसायचो. थोडं थांबून हळूहळू चालू लागलो की मात्र अचानक पाय मोकळे व्हायचे आणि मग दोन कोस चाललो तरी काही नाही. हे मी सांगायचो तेव्हा कोणाला पटायचं नाही. दुखत असेल तर पुढे चालल्यावर वाढायला पाहिजे, कमी कसं होईल? मलाही उत्तर येत नव्हतं. हळूहळू मीही मानून बसलो होतो की आपलं मनच आळशी आहे.

आठवीत असताना शाळेत 100 उठाबशांची शिक्षा झाली होती. त्या रात्री पहिल्यांदा लघवी काळ्या चहासारखी झाली. आईने घाबरून एका दवाखान्यात नेलं. रिपोर्टमध्ये एसजीओटी-एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या टेस्टमधले दोन एन्झाइम, वाढलेले. कावीळ म्हणाले. तीन महिने तेल-तूप बंद, उसाचा रस, आणि दर रविवारी एका बाबांकडे झाडपाला. डोळे पिवळे नव्हते, हे सगळ्यांना दिसत होतं, पण रिपोर्टवर लिव्हर म्हटलं की पुढे कोण विचारतो? त्यानंतर जेव्हा जेव्हा रक्त तपासलं तेव्हा तेव्हा ते आकडे वाढलेलेच निघाले आणि "याचं लिव्हर कमजोर" हे माझ्या नावाला चिकटून गेलं.

बारावीनंतर पोलीस भरतीच्या तयारीला लागलो. आमच्याकडे दुसरं काय आहे, तुम्हाला ठाऊकच आहे. कापसाचा भाव आपल्या हातात नाही, पाऊस नाही, पण 1600 मीटर पळणं, 100 मीटर आणि गोळाफेक आपल्या अंगावर आहे, असं सगळ्या पोरांना वाटतं. मलाही वाटलं. बाबांना एकदा दाखवून द्यायचं होतं. त्या दिवशी उशीर झाला म्हणून ट्रेनिंग देणाऱ्याने 200 बैठका मारायला लावल्या, वर पुन्हा 100 मीटरचे स्प्रिंट. मी थांबलो नाही. पाय पेटल्यासारखे झाले तरी थांबलो नाही. संध्याकाळी एका ठिकाणी दुखण्याचं इंजेक्शन घेतलं. दुसऱ्या दिवशी लघवी काळी झाली आणि तिथून "कावीळ पलटली, लिव्हरचे टेस्ट करून आणा" अशी चिठ्ठी घेऊन तुमच्याकडे आलो.

पुढचा तास मी कितीदा आठवला असेन, मोजदाद नाही.

तुम्ही लघवीत पट्टी बुडवली. तिच्यावरचा रक्ताचा पिवळा चौकोन बघता बघता गडद हिरवा-निळा झाला. तुम्ही नुसतं लिहून सोडून देऊ शकला असता. पण तुम्ही ती ट्यूब मशिनमध्ये फिरवली आणि उजेडासमोर धरली. मी पाहत होतो. रक्त असतं तर लाल पेशी तळाशी बसल्या असत्या आणि वरचं पाणी निवळलं असतं. इथे तळाशी काही नव्हतं, वरचं पाणी मात्र तसंच काळपट तपकिरी. तुम्ही मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि बराच वेळ मान वर केली नाही. मग माझ्या रक्ताची ट्यूब उचलली. वरचं पाणी, म्हणजे सिरम, स्वच्छ पिवळं होतं, गुलाबी झाक नव्हती, म्हणजे रक्तातल्या पेशी फुटल्या नव्हत्या. आपल्या भागात सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार पुष्कळ, म्हणून तीही टेस्ट तुम्ही आपणहून केलीत, ती निगेटिव्ह आली. काविळीत वाढतं ते बिलिरुबिन 0.7, म्हणजे बरोबर. एसजीओटी 1,140 आणि एसजीपीटी 310.

मग तुम्ही भावाला नाही, मला विचारलंत, "काल काय केलं होतं तुम्ही?"

ताई, इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी बैठकांचं सांगितलं. मग सगळंच सांगत गेलो: बोअरिंग, बंडी, आठवीतल्या उठाबशा, धुऱ्यावर बसणं. बाहेर चार पेशंट थांबले होते. तुम्ही पेन खाली ठेवून ऐकत होतात. शेवटी म्हणालात, "मी डॉक्टर नाही भाऊ, निदान करणं माझं काम नाही. पण हे एन्झाइम एकट्या लिव्हरमध्ये नसतात, ते स्नायूंमध्येपण असतात. पट्टीला रक्तातलं हिमोग्लोबिन आणि स्नायूंमधलं मायोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. मला वाटते तुमचे स्नायू फुटून राहिले. सीपीके करावं लागते, स्नायू फुटले की रक्तात ते वाढते."

तुमच्याकडे सीपीकेचं किट नव्हतं. संध्याकाळच्या एसटीने यवतमाळला जाणाऱ्या एका पोराच्या हाती नमुना पाठवलात. माझ्या खिशात त्या टेस्टपुरते पैसे उरले नव्हते, "नंतर द्या" म्हणालात. ते आजही द्यायचे राहिलेत.

रात्री नऊ वाजता तुमचा फोन आला. घरी जेवणं सुरू होती, बाहेर धो धो पाऊस. तुम्ही आकडा नंतर सांगितलात. आधी विचारलंत, "सकाळपासून लघवी किती वेळा झाली?" मी म्हटलं, एकदाच, तीही थोडी. मग म्हणालात, "सीपीके 62,400 आहे. साधारण 200 च्या आत पाहिजे. सकाळची वाट पाहू नका. आत्ता निघा. दुखण्याचं इंजेक्शन कोणाकडूनच घेऊ नका, किडनीवर येईल. आणि तिथे गेल्यावर कावीळ म्हणू नका, हा रिपोर्ट पहिले दाखवा." बाबा म्हणाले, रात्री एवढ्या पावसात कायले, सकाळी पाहू. तुम्ही म्हणालात, "फोन बाबांना द्या." तुम्ही त्यांना काय सांगितलं ते मला आजपर्यंत माहीत नाही. बाबा दोन मिनिटं नुसते "हो ताई, हो ताई" करत राहिले आणि मग चप्पल घालून शेजाऱ्याचा छोटा हत्ती काढायला धावले.

यवतमाळला पोचलो तेव्हा क्रिएटिनीन, म्हणजे किडनी मंदावली की रक्तात वाढतं ते, 2.6 होतं. स्नायूंमधून सुटलेलं मायोग्लोबिन किडनीच्या बारीक नळ्यांत अडकत होतं, पोटॅशियमही वाढू लागलं होतं, आणि ते फार वाढलं की थेट हृदयाला धोका. सलाईनवर सलाईन लावलं. तिसऱ्या दिवशी पिशवीतली लघवी फिक्या कोऱ्या चहासारखी झाली, सहाव्या दिवशी पिवळी. आई रोज सकाळी उठली की आधी ती पिशवी बघायची, मग माझं तोंड. तिथल्या डॉक्टरांनी बाबांना सांगितलं, आणखी एखादा दिवस घरी काढला असता तर डायलिसिसवर गेलं असतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. महिनाभर पूर्ण आराम करूनही सीपीके 2,300 राहिलं, तेव्हा नागपूरला पाठवलं. तिथे हाताने चेंडू दाबायला लावून मधून मधून रक्त घेतलं. कोणाच्याही रक्तात तेव्हा लॅक्टेट, म्हणजे स्नायूंनी आपली साखर वापरली की तयार होतं ते, वाढतं, माझं जागचं हललं नाही, अमोनिया मात्र वाढला. मग जनुकाची तपासणी झाली. मॅकआर्डल नावाचा आजार निघाला. लंडनच्या ब्रायन मॅकआर्डल या डॉक्टरांनी 1951 मध्ये पहिल्यांदा त्याचं वर्णन केलं. स्नायूंमध्ये ग्लायकोजेन म्हणून साखरेचा साठा असतो, तो फोडणारं एन्झाइम माझ्या स्नायूंमध्ये नाही. बाबांना मी असं सांगितलं: कणगी भरलेली आहे, पण तिचं तोंड उघडत नाही. म्हणून एकदम जोर लावला, ओझं उचललं, पळालो की स्नायू उपाशीच राबतात, आखडतात आणि फुटतात. आठ-दहा मिनिटं हळू चाललं की रक्तातून साखर आणि चरबी पोचू लागते आणि पाय मोकळे होतात. डॉक्टर त्याला दुसरा दम म्हणतात. धुऱ्यावर बसून उठल्यावर मला जे व्हायचं, त्याला नाव आहे ताई! नाव ऐकलं तेव्हा मी त्या केबिनमध्ये रडलो.

घरी आल्यावर आईने मनाला फार लावून घेतलं. आईबाबा दोघांकडून एकेक बिघडलेलं जनुक आलं की हा आजार होतो. त्या दोघांचं लग्न नात्यातलंच, मामाच्या घरी दिलेली. यात कोणाची चूक नाही, हे तिला समजायला वेळ लागला, अजूनही कधी कधी लागतो. बाबा काहीच बोलले नाहीत. पण त्यानंतरच्या मृगात पेरणीच्या वेळी वावरात निघालो, तर ते पुढे जाता जाता धुऱ्यावर थांबले, माझ्याआधी स्वतः बसले आणि बाजूच्या गवतावर हात थोपटून म्हणाले, "बस. तुह्या दमाले येऊ दे." त्यांच्या तोंडून अंगचोर हा शब्द मी पुन्हा ऐकला नाही.

या आजाराला औषध नाही, पण जगणं अडलेलं नाही. भरती सोडली. गावातच ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान टाकलंय, पीक विम्याच्या दिवसांत बसायला जागा नसते. रोज अर्धा तास चालतो, सुरुवात सावकाश. फवारणीचा भरलेला पंप पाठीवर घेत नाही, बोअरिंग हापसत नाही, पोती उचलत नाही, आणि त्याची लाज बाळगणंही सोडलं. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की दुपारी बाहेर पडतच नाही. खिशात कार्ड असतं: आजाराचं नाव, ऑपरेशनच्या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगायचं, कोलेस्टेरॉलची गोळी विचारल्याशिवाय नाही, आणि एसजीओटी-एसजीपीटी वाढलेले दिसले तर सीपीके बघा. ही शेवटची ओळ तुमची आहे.

दुकानात भरतीचे फॉर्म भरायला पोरं येतात. प्रत्येकाला मी सांगतो: पळाल्यावर किंवा बैठका मारल्यावर लघवी काळी झाली, मांड्या सुजल्या, तर घरी झोपून राहू नका, गोळ्या खाऊ नका, सरळ मोठ्या दवाखान्यात जा आणि सीपीके करा म्हणा. माझ्यासारखा आजार फार थोड्यांना असतो. पण सवय नसताना उन्हात, पाणी न पिता जास्त ताणलं तर धडधाकट पोराचेही स्नायू फुटतात. सिकलसेलच्या वाहकांना तर जास्तच जपावं लागतं, आणि आपल्याकडे कितीतरी पोरांना आपण वाहक आहोत हेच माहीत नसतं. मागच्या पावसाळ्यात एका पोराचा भाऊ सकाळी दुकानात आला: "दादा, तू सांगितलं होतं तसंच झालं." त्याला त्याच दिवशी यवतमाळला नेलं. सीपीके 28,000 निघालं. वेळेत सलाईन लागलं, तो बरा आहे, आता पुन्हा हळूहळू पळतो. त्या सकाळी मला तुमचा रात्रीचा फोन आठवत होता.

तुमच्या हातचा तो रिपोर्ट मी प्लास्टिकमध्ये घालून ठेवला आहे. मागच्या बाजूला निळ्या पेनाने तुम्ही लिहिलंय, "लघवीत पेशी नाहीत. श्रमानंतर. सीपीके पाहावे." नागपूरच्या डॉक्टरांनी तो उलटून दोनदा वाचला आणि विचारलं, हे कोणी लिहिलं? मी म्हटलं, आमच्या तालुक्याच्या लॅबवाल्या ताईंनी. ते म्हणाले, त्यांना माझा नमस्कार सांगा. तो आज पोचवतो.

मागच्या महिन्यात सीपीके 1,840 आलं. क्रिएटिनीन 0.9.

कधी या बाजूला येणं झालं तर फाट्यावर उतरा. तुमचे टेस्टचे पैसे द्यायचे आहेत, आणि आईला तुम्हाला बघायचं आहे. मी घ्यायला येईन. फाट्यापासून घर दीड किलोमीटर आहे, पहिली दहा मिनिटं जरा हळू चालू.

तुमचा,
एक पेशंट