वहाळ वाहता आहे तोवर : तीन बंधारे आणि नळयोजनेच्या लोकवर्गणीसाठी आवाहन

समस्त ग्रामस्थ, मुंबईकर, पुणेकर मंडळी आणि माहेरवाशिणी यांस सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली की सरपंचांचे पत्र निघते, हा आपल्याकडचा रिवाज. दिल्ली-मुंबईत काय ठरले, त्यातले आपल्या गावापर्यंत काय पोचणार, वर्षभरात वाड्यांवर काय घडले, हे त्यात असते. यंदा त्याच पत्रात हे आवाहन घालावे लागत आहे, कारण सगळे विषय फिरून वहाळाकाठच्या (ओढ्याकाठच्या) एकाच विहिरीपाशी येतात.

यंदा, 2025 मध्ये, पाऊस मे महिन्यातच उतरला आणि दिवाळी उलटली तरी हटला नाही. कापलेले भात मळ्यात भिजले, पेंढा काळा पडला. पंचनाम्यात ज्यांचे नाव राहिले असेल त्यांनी सातबारा आणि बँक पासबुकाची प्रत घेऊन कार्यालयात यावे. गणपतीत तिन्ही वाड्यांची आरती एका वेळेला झाली आणि विसर्जनाची पाखाडी (पायऱ्यांची वाट) पोरांनी आदल्या दिवशीच झाडून ठेवली. त्यांचे मनापासून कौतुक.

आता देशपातळीवरचे. जनगणना ठरली आहे. एप्रिल ते सप्टेंबर 2026 या काळात घरयादी आणि फेब्रुवारी 2027 मध्ये प्रत्यक्ष माणसांची मोजणी होणार आहे. संदर्भ दिनांक 1 मार्च 2027. 1931 नंतर प्रथमच सर्व जातींची नोंद होणार आहे. माणूस जिथे कायम राहतो तिथेच मोजला जातो, तेव्हा मुंबईकरांनी मुंबईतच नोंद करावी, दोन्हीकडे करू नये. गावातले घर बंद असेल तर ते बंद म्हणूनच लिहिले जाईल, पण घरयादीतून सुटता कामा नये. त्यासाठी घर क्रमांकाची पाटी दारावर हवी. 2001 ते 2011 मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 वरून 16,15,069 झाली, सिंधुदुर्गाचीही घटली. वित्त आयोगाच्या वाटपात मोठा भार लोकसंख्येचा असतो. डोकी कमी झाली की निधी कमी होतो. डोंगर, उतार आणि तीन हजार मिलिमीटरच्या वरचा पाऊस मात्र तेवढाच राहतो.

पंधराव्या वित्त आयोगाची मुदत 31 मार्च 2026 पर्यंतची. "केंद्राकडून एवढे येते, मग वर्गणी कशाला?" असे ग्रामसभेत दोनदा विचारले गेले, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो. त्या निधीतला 60 टक्के भाग बंधित आहे. त्यातला निम्मा पिण्याचे पाणी व जलसंधारणाला, निम्मा स्वच्छतेला. उरलेला 40 टक्के अबंधित असला तरी त्यातून पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नाही. म्हणजे पंप चालू करणारा, झडप फिरवणारा आणि टाकीत टीसीएल (पाणी शुद्ध करण्याची क्लोरीनची पावडर) टाकणारा माणूस आपल्या पाणीपट्टीवरच उभा आहे. राज्याला येणाऱ्या ग्रामीण निधीतले 80 टक्के ग्रामपंचायतींना आणि 10-10 टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला ठरलेले. परंतु त्या दोन्ही ठिकाणी मार्च 2022 नंतर 2025 पर्यंत निवडून आलेले सभागृह नव्हते, प्रशासक होते. सभागृह नसले की त्या हिश्श्याचा निधीही अडतो. पूर्वी वहाळावरच्या लहान कामांना तिथून जो हात मिळे तो या काळात मिळाला नाही.

जल जीवन मिशन 15 ऑगस्ट 2019 ला जाहीर झाले, माणशी रोज 55 लिटर हे त्याचे माप. 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्याला 2028 पर्यंत मुदत मिळाली. गावांतर्गत कामाच्या खर्चात लोकांचा वाटा 10 टक्के असतो. डोंगराळ व वनक्षेत्रातल्या आणि अनुसूचित जाती-जमातींची वस्ती निम्म्याहून अधिक असलेल्या गावांना 5 टक्के. आपल्याला 10 टक्के लागू झाला आहे. तो रोख, साहित्य किंवा श्रमदान अशा कोणत्याही रूपात देता येतो. आपल्याकडे तिन्ही वाड्यांत नळ बसले, 50 हजार लिटरची टाकी उभी राहिली. पण विहिरीचे पाणी एप्रिलमध्ये फूटव्हॉल्व्हच्या (पंपाच्या पाइपच्या खालच्या तोंडाच्या) खाली जाते. पंप हवा ओढतो, आणि कोणी वेळेत बंद केला नाही तर त्याचे सील जळते. घरापर्यंत पाइप आला आणि विहिरीत पाणी नाही, ही गत आपल्या एकट्याच गावाची नाही. म्हणूनच योजनेच्या वर्गणीसोबत बंधारेही मागतो आहोत.

ज्यांच्या जोरावर हे गाव इथवर आले त्यांचे ऋण इथे लिहून ठेवणे आमचे कर्तव्य आहे. नावे छापू नका असे बहुतेकांनी बजावले आहे, आणि ती तुम्हाला सांगायची गरजही नाही. विहिरीसाठी मधल्या वाडीच्या गुरुजींनी भाताचा चांगला कोपरा बक्षीसपत्राने दिला. मोबदला विचारला तेव्हा "कळशी भरली की मिळाला मोबदला" एवढेच म्हणाले. गिरणी बंद पडल्यावर हातात आलेल्या पैशांतून ज्यांनी पहिला पंप घेऊन दिला ते आपले लालबागचे काका आज नाहीत. त्यांच्या मुलींनी दोन वर्षांपूर्वी तो पंप बदलून नवा दिला आणि जुन्याची मोटार रिवाइंड करून घ्यायचा खर्चही केला, म्हणून आज आपल्याकडे राखीव पंप आहे. खालच्या वाडीच्या बचत गटाच्या बायकांनी पापड-कुरडयांच्या पैशातून टाकीला झाकण आणि शिडी केली. झाकण नव्हते तेव्हा दर पावसात पाने आणि बेडूक काढावे लागत. 2000-01 मध्ये संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान सुरू झाले तेव्हा वरच्या वाडीने पंधरा दिवस पहाटे पाखाड्या बांधल्या. त्या जांभ्याच्या पायऱ्या आजही हललेल्या नाहीत. तेव्हा घमेली उचलणारे कितीतरी हात आता थकले आहेत, तरी गेल्या वर्षी बंधाऱ्याला पहिले आले ते तेच.

हे लिहिताना वाईटही वाटते. गेल्या नोव्हेंबरात बंधाऱ्याच्या श्रमदानासाठी तीनदा दवंडी दिली, प्रत्येक वाडीच्या गटावर निरोप टाकला. आले अकरा जण. ग्रामसभेला 15 टक्के किंवा 100 मतदार, यातली लहान संख्या पुरते, तीही दोनदा भरली नाही आणि सभा तहकूब करावी लागली. अकरा माणसांनी बंधारा घातला, पण उजव्या काठात पुरते खोदता आले नाही आणि तिथूनच पाणी फिरले. एप्रिलअखेर टँकर आला. टँकर मोरीपाशी थांबतो, वरच्या वाडीच्या म्हाताऱ्या आयांना हंडा घेऊन ती चढण चढावी लागली. कोणाला दोष द्यावा म्हणून हे लिहीत नाही, पण हे पुन्हा पाहवणार नाही.

बंधारा का फुटतो ते नीट समजून या, म्हणजे काम एकदाच होईल. वनराई बंधारा ही मोहन धारियांच्या वनराई संस्थेमुळे राज्यभर पोचलेली साधी पद्धत आहे. रिकामी सिमेंटची पोती, माती आणि माणसे, एवढेच लागते. वहाळाची धार मंदावली की लगेच घालायचा. आधी घातला तर परतीचा पाऊस नेतो, पौष उजाडला तर अडवायला पाणी उरत नाही. जागा विहिरीच्या थोडी खालच्या अंगाला हवी, म्हणजे साठलेले पाणी विहिरीच्या बाजूला उभे राहते. पात्र अरुंद, काठ घट्ट आणि तळ शक्यतो कातळाचा.

तळातली वाळू, पाने, सुटे गोटे काढून कठीण भाग लागेपर्यंत खाली जायचे, आडवा फूटभर खोल चर मारायचा आणि दोन्ही काठांत निदान दोन-दोन फूट आत शिरायचे. बहुतेक बंधारे पाण्याच्या जोराने मोडत नाहीत, खालून आणि कडेने पाझरून पोखरतात. गेल्या वर्षीचा तसाच गेला. पोते पाऊण भरायचे, चिकट माती किंवा मातीमिश्रित मुरूम घालून. नुसती वाळू भरली तर पाणी आरपार जाते. गच्च भरलेले पोते गोल होते, शेजारच्याला चिकटत नाही आणि मध्ये भोक राहते. तोंड दाभणाने सुतळीत शिवायचे, गाठ मारून चालत नाही. पोती प्रवाहाच्या दिशेने लांब ठेवून, विटांसारखी सांधा मोडत रचायची. दोन थरांमध्ये ओली चिकणमाती थापायची, प्रत्येक थर पायाने तुडवून बसवायचा. वरच्या अंगाला, म्हणजे पाण्याकडून, प्लॅस्टिकचा कागद अंथरून त्याची खालची कड चरात दाबायची. माथ्यावर मधोमध एक पोते कमी ठेवायचे, जादा पाणी तिथूनच पडले पाहिजे. ते जिथे पडते तिथे मोठे दगड लावायचे, नाहीतर पाय उकरला जातो. उंची चार फुटांच्या वर नको.

हिशेब असा. वहाळ 20 फूट रुंद, उंची 4 फूट, पाया 5 फूट, माथा 2 फूट, म्हणजे 280 घनफूट. पाऊण भरलेले पोते सुमारे एक घनफूट, म्हणून एका बंधाऱ्याला 300 पोती आणि तीन ब्रास (ब्रास म्हणजे 100 घनफूट) माती. तीन बंधाऱ्यांना 900, फाटकी धरून 1,000 पोती हवीत. तळाचा उतार 50 फुटांना एक फूट आहे, तेव्हा पाणी मागे 200 फुटांपर्यंत जाते. काठ तिरपे असल्याने एका बंधाऱ्यामागे दीड लाख लिटरच धरा. गावाला रोज 33 हजार लिटर लागतात, तेव्हा नुसत्या साठ्यावर उन्हाळा निघत नाही, हे खरेच. पण पाण्याची पातळी वर राहिली की काठातला ओलावा वहाळात ओसरून जात नाही, विहिरीला झरा उशिरापर्यंत राहतो. गुरांना पाणी आणि कलमांना शिंपण मिळते, हा वरचा फायदा.

एक फावडेवाला, एक पोते धरणारा, एक शिवणारा आणि एक वाहणारा, अशी चौघांची तुकडी तासाला 20 पोती उरकते. पाच तुकड्या असल्या तर तीन तासांत भरणे संपते, दुपारपर्यंत रचणे. म्हणजे 20 माणसे भरायला आणि दहा रचायला, एवढीच गरज आहे.

पाण्याच्या शुद्धतेचेही सांगायचे आहे, कारण साठलेले पाणी आले की ही काळजी वाढते. हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल, म्हणजे आपल्या टाकीला 250 ग्रॅम. पावडर कोरडी टाकायची नाही. बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन वरचे पाणी टाकीत सोडायचे आणि अर्धा तास थांबून मगच झडप उघडायची. शेवटच्या नळावर ओटी चाचणीत (रंगावरून क्लोरीन तपासण्याची चाचणी) 0.2 पीपीएम, म्हणजे लिटरला 0.2 मिलिग्रॅम, क्लोरीन दिसायला हवा. तिथे रंग आला नाही तर पावडर जुनी आहे किंवा पाइप गळतो आहे. उघडी, ओलसर ठेवलेली पावडर दोन महिन्यांत निकामी होते, म्हणून झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा हवा आहे. टाकीच्या गळतीचे कामही आता काढले आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून सिमेंटवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, तेवढाच हातभार. 12 पोती लागतील.

मागणी थोडक्यात, जागा उरली नाही म्हणून. लोकवर्गणीतले 2 लाख 40 हजार भरायचे बाकी, 200 उंबरे, दर उंबरा 1,200 रुपये, तीन हप्त्यांत चालेल. ज्यांना रोख जमत नाही त्यांचे श्रमदान हजेरीवहीत धरू. रिकामी प्लॅस्टिकची पोती (कागदी नकोत, उन्हात कुजलेली नकोत), ज्यांचे घरबांधकाम चालू आहे त्यांनी फेकू नयेत, देवळाच्या पडवीत ठेवावीत. प्लॅस्टिक कागद 3, सुतळीचे मोठे गुंडे 6, दाभणे 10, टीसीएलचा डबा 1, सिमेंट पोती 12. बंधारे रविवार 16, 23 व 30 नोव्हेंबर, अनुक्रमे वरची, मधली, खालची वाडी, सकाळी 7 वाजता, आपापले फावडे-घमेले घेऊन. मुंबईकरांनी देवदिवाळीला येणार असाल तर 23 तारीख धरून यावे. पेज आणि दुपारचे जेवण बचत गटाकडे. पैसे फक्त ग्रामपंचायत कार्यालयात किंवा तिथल्या क्यूआर कोडवर, छापील पावती घेतल्याशिवाय कोणाच्याही हाती देऊ नयेत. जमा-खर्च 26 जानेवारीच्या ग्रामसभेत वाचला जाईल आणि फलकावर लागेल. पाणीपट्टीची थकबाकी याच वेळी भरल्यास वेगळी फेरी वाचेल.

आपला,
सचिव, ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती
(सरपंच व सर्व सदस्यांच्या वतीने)

ता. क. : 16 तारखेच्या आदल्या दिवशी पाऊस पडलाच तर काम 18 ला, मंगळवारी. निरोप देवळाच्या भोंग्यावरून देऊ.