उन्हाळी संशोधनाचे अर्ज दिवाळीतच भरावे लागतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मूलभूत विज्ञानात पदवी घेणाऱ्या हुशार मुलांना केंद्र सरकार देतं ती इन्स्पायर शिष्यवृत्ती वर्षाला ८० हजारांची, असं आपण सरसकट म्हणतो. त्यातले ६० हजार दरमहा पाच हजारांच्या हिशेबाने मिळतात. उरलेले २० हजार उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या मार्गदर्शकाकडे केलेल्या संशोधन प्रकल्पासाठी राखलेले असतात. प्रकल्प केलाच नाही, किंवा केला पण अहवाल आणि मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र वेळेत पोर्टलवर चढवलं नाही, तर हा हिस्सा हातचा जातो. बी.एस्सी.ची कितीतरी हुशार मुलं ‘शिष्यवृत्ती लागली’ एवढ्यावर समाधान मानतात, कारण प्रकल्प कुठे, कोणाकडे आणि कधी करायचा हे पहिल्या वर्षी त्यांना कोणी सांगत नाही. पदवीच्या मुलांनी संशोधनाकडे वळावं म्हणून ठेवलेल्या पैशांची आणि जागांची गत थोड्याफार फरकाने सगळीकडे हीच आहे, म्हणून हे पत्र.

इन्स्पायरबद्दल आणखी एक गोष्ट पालकांच्या कानावर घालायला हवी. बोर्डाच्या परीक्षेत पहिल्या एक टक्क्यात असणं पुरेसं नाही, पदवीचा विषयही योजनेच्या यादीत असावा लागतो. भौतिक, रसायन, गणित, संख्याशास्त्र, वनस्पती, प्राणी, सूक्ष्मजीव, भूशास्त्र असे मूलभूत विज्ञानाचे १८ विषय त्या यादीत आहेत. संगणकशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान त्यात नाहीत, आणि आपल्याकडे प्रवेशाची गर्दी नेमकी त्याच दोन ठिकाणी असते. प्रवेश घेण्याआधी यादी पाहायला पाच मिनिटं लागतात.

मुख्य अडचण आहे ती तारखांची. उन्हाळ्यात काहीतरी करावं हे मुलांना मार्चमध्ये आठवतं, आणि तोवर बहुतेक दारं बंद झालेली असतात. बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तिन्ही विज्ञान अकादमी मिळून दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप देतात. तिचे अर्ज सहसा नोव्हेंबरअखेरपर्यंत घेतले जातात. टीआयएफआर म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या व्हीएसआरपी या सुट्टीतल्या संशोधन कार्यक्रमाचे अर्ज साधारण जानेवारीत असतात. त्यातली खगोलशास्त्राची मुलं पुण्यात एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्र केंद्रातही काम करतात. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचा सुट्टीतला विद्यार्थी कार्यक्रमही पुण्यातच होतो. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात रसायन आणि जीवशास्त्र यांचे दोन कार्यक्रम आहेत, पीओसीई आणि पीओबीई. ते बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षातल्या मुलांसाठीच असतात आणि सलग तीन उन्हाळे चालतात. दुसऱ्या वर्षात गेल्यावर त्यांची माहिती मिळून काही उपयोग नाही.

लहान गावातल्या कॉलेजच्या मुलांना आम्ही मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा कार्यक्रम आधी सुचवू. २००४ पासून तो चालू आहे. तिथे आधी शिबिर असतं, आणि त्यातून निवडलेल्या मुलांना पुढे एक-दोन वर्षं सुट्ट्यांमध्ये येऊन प्रकल्प करता येतो. ज्या मुलाने प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक आणि ब्युरेट यांपलीकडे काही पाहिलेलं नाही, त्याला थेट मोठ्या संस्थेत दोन महिने पाठवलं तर पहिला महिना नुसता बिचकण्यात जातो. इथे ती भीती आधीच मोडते. गणिताच्या मुलांसाठी १९९३ पासून एमटीटीएस हा उन्हाळी प्रशिक्षण कार्यक्रम आहे, चार आठवड्यांचा. त्यात संशोधन नसतं, पण सिद्धता स्वतः मांडायची सवय लागते, आणि ती नसेल तर गणितातल्या संशोधनाचं नावच काढायला नको.

अर्ज कुठे कमी पडतात? अकादमींच्या अर्जासोबत ‘काय काम करायला आवडेल’ यावर एक टिपण द्यावं लागतं. ‘मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे’ अशी सुरुवात असलेलं टिपण वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. मार्गदर्शकाच्या शोधनिबंधातला सारांश उचलून चिकटवलेलं टिपण त्याहून वाईट, कारण निवडणारी माणसं त्याच विषयातली असतात आणि चोरी त्यांना लगेच कळते. एक प्रश्न घ्यावा, तो आपल्या शब्दांत दोन-तीन वाक्यांत मांडावा, त्यासाठी आपल्याला आज काय येतं (डीएनए तपासायचं जेल चालवता येतं, पायथनमध्ये आलेख काढता येतो, वनस्पती ओळखता येतात) आणि काय शिकायचं आहे ते प्रामाणिकपणे लिहावं. एखादी गोष्ट येत नाही म्हणून अर्ज मागे पडत नाही. येतं म्हणून लिहिलं आणि पहिल्याच दिवशी उघडं पडलं, तर मात्र पुढच्या मुलांचीही वाट बंद होते. थेट प्राध्यापकांना ई-मेल करणाऱ्यांनी एकच मजकूर पन्नास जणांना पाठवू नये. पाच जणांना पाठवावा, पण प्रत्येकाचा एक तरी शोधनिबंध वाचून.

शिफारसपत्राचा दोष मुलांचा नाही, आम्हा शिक्षकांचा आहे. ‘सदर विद्यार्थी नियमित, नम्र व होतकरू आहे’ हे वाक्य आपल्या कॉलेजांतून दरवर्षी गठ्ठ्याने बाहेर पडतं. त्यावरून निवड होणं शक्य नाही. ‘टायट्रेशनची तीन वाचनं जुळेनात, तेव्हा हिने द्रावण ओतून न देता ब्युरेटच्या तोटीतला हवेचा बुडबुडा शोधून काढला आणि मग चौथं वाचन घेतलं’ असं एक वाक्य लिहिलं तर वाचणाऱ्याला मुलगी डोळ्यांपुढे दिसते. पत्र ऑनलाइन भरायचं असेल तर शिक्षकाच्या ई-मेलवर दुवा येतो, आणि तो कित्येकदा स्पॅममध्ये पडून राहतो. मुलाचा अर्ज पूर्ण असूनही पत्राअभावी बाद होतो. म्हणून शेवटच्या तारखेआधी आठ दिवस मुलाने शिक्षकाला आठवण करावी, आणि शिक्षकाने त्याचा राग मानू नये.

वैद्यकीयच्या मुलांसाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजना १९७९ पासून आहे. आयुर्वेदाच्या मुलांसाठी केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान संशोधन परिषदेची ‘स्पार्क’ आहे. दोन्हींत काम दोन महिन्यांचं आणि विद्यावेतन एकूण ५० हजार रुपये. घोळ होतो तो दोन ठिकाणी. प्रस्तावात दोनशे रुग्ण लिहिलेले असतात, पण त्या विभागाच्या बाह्यरुग्णात दोन महिन्यांत तशा आजाराचे साठसुद्धा येत नाहीत. आधी मागच्या वर्षीचं रजिस्टर उघडून आकडा मोजावा, मग नमुना ठरवावा. दुसरं, नैतिकता समितीची बैठक दोन-तीन महिन्यांतून एकदा होते. मंजुरीचा अर्ज प्रस्तावाबरोबरच दिला नाही तर दोन महिने वाट पाहण्यातच संपतात. अहवाल मुदतीत गेला नाही किंवा मंजूर झाला नाही, तर विद्यावेतन मिळत नाही.

इथे गरीब घरच्या मुलांचा प्रश्न येतो, आणि आमच्या मते या सगळ्यात तोच सर्वांत दुखरा आहे. बहुतेक योजनांचे पैसे काम सुरू झाल्यावर किंवा संपल्यावर येतात. पण रेल्वेचं तिकीट, वसतिगृहाची अनामत आणि पहिल्या महिन्याची खाणावळ ही आधी लागते. बंगळूरला जाऊन राहायचं तर पंधरा-वीस हजार आधी हातात असावे लागतात. निवड होऊनही मुलगी जात नाही, आणि कारण म्हणून ‘घरची अडचण’ एवढंच लिहिलं जातं. ही रक्कम कॉलेजने विद्यार्थी कल्याण निधीतून बिनव्याजी उचल म्हणून द्यावी आणि विद्यावेतन आल्यावर परत घ्यावी. एका कॉलेजमधून वर्षाला तीन-चार मुलं जाणार, म्हणजे साठ-सत्तर हजारांचा फिरता निधी पुरतो. निवडपत्र हाच तारण समजावा.

‘कमवा व शिका’ योजनेतल्या मुलांचं तर आणखी अवघड. बागकामाला आणि ग्रंथालयातल्या कामाला तासाचे पैसे मिळतात. शिक्षकाच्या प्रकल्पात पाण्याचे नमुने तपासायला मात्र सहसा मिळत नाहीत. विद्यापीठांच्या विद्यार्थी विकास मंडळांनी प्रयोगशाळेतलं आणि क्षेत्रभेटीतलं संशोधनाचं काम या योजनेत स्पष्टपणे धरावं. त्यासाठी नवा पैसा लागत नाही, एक परिपत्रक लागतं.

कॉलेजातच छोटा प्रकल्प करणाऱ्यांसाठी ‘आविष्कार’ हे आपल्या राज्याचं चांगलं व्यासपीठ आहे. २००६ पासून चालू असलेल्या या स्पर्धेत भाषा-मानव्यविद्या, वाणिज्य-विधी, मूलभूत विज्ञान, कृषी, अभियांत्रिकी, वैद्यक-औषधनिर्माण असे सहा गट आहेत, म्हणजे बी.ए., बी.कॉम.च्या मुलांनाही जागा आहे. त्यांच्यासाठी उन्हाळी फेलोशिपा फारच थोड्या असल्याने ही जागा त्यांनी सोडू नये. पण परीक्षक पहिला प्रश्न ‘तुलनेसाठी काय ठेवलं होतं?’ असा विचारतात आणि तिथेच मुलं अडतात. गांडूळखताच्या कुंड्या पाच आणि बिनखताची एकही नाही, अशी पोस्टरं आजही येतात. रसायनांची खरेदी हाही एक डोंगर आहे. तीन दरपत्रकं, खरेदी समितीची सही, मग पुरवठा, यात सत्र संपतं. शिवाय बिल मुलाच्या नावावर घेतलं तर ते उपयोगिता प्रमाणपत्राला, म्हणजे निधी कुठे खर्च झाला त्या दाखल्याला, चालत नाही. ऑगस्टमध्येच प्रकल्पांची एकत्र यादी करून एकदाच मागणी नोंदवली तर हा त्रास निम्म्याने कमी होतो.

विद्यापीठांकडे आमचं मागणं परीक्षांबाबत आहे. उन्हाळी कार्यक्रम सर्वसाधारणपणे मेच्या मध्याला सुरू होतात. स्वायत्त कॉलेजांची मुलं तोवर मोकळी होतात. संलग्न कॉलेजांच्या परीक्षा जूनपर्यंत रेंगाळतात, आणि निवड झालेला मुलगा एका प्रात्यक्षिक परीक्षेपायी दोन महिन्यांची संधी घालवतो. निवडपत्र दाखवणाऱ्या विद्यार्थ्याची प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा आधीच्या तुकडीबरोबर घ्यावी, एवढी सोय परीक्षा विभागाला करता येईल. तसंच अंतिम निकाल लागण्याआधी सत्रनिहाय गुणपत्रक इंग्रजीतून, शिक्क्यासह, आठ दिवसांत मिळावं. जर्मनीची ‘वाइज’ किंवा कॅनडाची बारा आठवड्यांची ‘मायटॅक्स ग्लोबलिंक’ अशा परदेशातल्या उन्हाळी संशोधन योजनांचे अर्ज सप्टेंबर ते दिवाळीच्या सुमारास बंद होतात आणि मुलं तेव्हा विद्यापीठाच्या खिडकीपुढे उभी असतात.

हे आताच करायला हवं, याला कारण आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणारा विद्यार्थी चौथ्या वर्षी ‘संशोधनासह ऑनर्स’ निवडू शकतो, आणि त्यात १२ श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) प्रबंध आहे. राज्यातल्या संलग्न कॉलेजांत हे धोरण २०२४-२५ पासून लागू झालं, म्हणजे त्यांची पहिली तुकडी २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षात असेल. त्या प्रबंधासाठी रसायनं, प्रवास आणि नमुना-चाचण्या यांचा खर्च कोणी करायचा, हे विद्यापीठांनी त्या तुकडीच्या प्रवेशाआधी लेखी जाहीर करावं. ते ठरेपर्यंत निदान प्रत्येक कॉलेजने एका शिक्षकाला या कामाचे तास कार्यभारात धरून द्यावेत आणि सप्टेंबर ते फेब्रुवारीच्या अर्जांच्या तारखा सूचना फलकावर जुलैतच लावाव्यात.

आपले,
पदवी महाविद्यालयांतील विज्ञानाचे काही प्राध्यापक
सांगली