कपडेपट सांभाळणं हेही करिअर आहे

संपादक महोदय, गडकरी रंगायतनला किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहात ब्लॅकआउट होतो आणि मिनिटभरात नायिका नऊवारीतून ड्रेसमध्ये येते, तेव्हा विंगेत कोणीतरी टॉर्च तोंडात धरून हुक लावत असतं. ते काम मी बरीच वर्षं करतेय. नऊवारी आधीच शिवून ठेवायची, बटणांखाली वेल्क्रो लावायचं, कोणत्या प्रवेशात कोणाला काय त्याचा तक्ता विंगेत चिकटवायचा, प्रयोगानंतर घामेजलेले कपडे वाळवायचे आणि दौऱ्यावर बसमध्येच उसवलेलं शिवायचं. भानू अथैयांना १९८३ साली वेशभूषेचं ऑस्कर मिळालं ते सगळ्यांना माहितीये, पण डिझाइन केलेला कपडा प्रत्येक प्रयोगाला तसाच नीट स्टेजवर जाणं हे वेगळंच कसब आहे हो.

यात यायचं असेल तर आधी शिलाई पक्की करा, मग एकांकिका स्पर्धांमध्ये कपडेपट सांभाळा, ओळखी तिथेच होतात. आणि व्यावसायिक नाटकात नाइट, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे, किती ते आधी ठरवून घ्या, मला एकाने तीन प्रयोगांचे पैसे अजून दिलेले नाहीत. ठाणे महापालिकेने मे महिन्यात कपडेपटाचं शिबिर घ्यावं, शिकवायला मी येईन.

– एक कपडेपटवाली, ठाणे