उद्यमनगरच्या मामांना, मनापासून

मामा, सप्रेम नमस्कार.

आईसाठी गाडी निवडायला मदत केलीत म्हणून फोनवर आभार मानायला लागले तर तुम्ही "काय ताई, एवढं काय त्यात" म्हणून विषय संपवलात. आमच्या घरी तो अजून संपलेला नाही. आई रोज कुणाला ना कुणाला तुमच्याबद्दल सांगते. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलं होतंत, ते पाळते. उद्यमनगरात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

आईच्या मणक्याच्या ऑपरेशननंतर तिला उंच गाडीत चढता येत नाही, आणि लहान गाडीत मागे बसलं की प्रत्येक खड्ड्याला कळ उठते. पुण्याला डॉक्टरांकडे जाणं तर सुटत नाही. एका नातेवाइकांच्या टोयोटा कॅमरी हायब्रिडमधून (पेट्रोल इंजिन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी गाडी) ती एकदा गेली आणि उतरल्यावर म्हणाली, "आज पाठ गाडीत आहे हे विसरले होते." तेव्हाच ठरलं. नवी घेणं शक्यच नव्हतं. ही पिढी जानेवारी २०१९ मध्ये आली तेव्हाच शोरूमची किंमत ३६.९५ लाख होती. घ्यायची तर वापरलेली. प्रश्न एवढाच होता की कुठल्या सालची.

या एका प्रश्नावर आम्ही किती दारं झिजवली आणि काय काय ऐकून घेतलं! हायवेवरच्या एका गाडीबाजारात "२०२१ मॉडेल" म्हणून एक पांढरी गाडी दाखवली. "हायब्रिड बॅटरीला आठ वर्षं वॉरंटी आहे, डोळे झाकून घ्या," असं तो माणूस छातीठोकपणे सांगत होता. कागद मागितला तर कंपनीच्या जाहिरातीचा फोटो मोबाइलवर पाठवला. एका वर्कशॉपच्या काउंटरवर चासिस नंबर घेऊन गेलो, तर मान वर न करता "गाडी तुमच्या नावावर झाली की या" असं उत्तर मिळालं. आणि सगळ्यात जास्त लागलं ते हे, की सगळे माझ्याशी बोलत होते, नाहीतर माझ्या भावाशी. आई शेजारी उभी असायची. "आजींना एसीत बसू द्या, आपण व्यवहाराचं बोलू," असंही एकाने सांगितलं. पैसे तिचे होते, मामा. जिल्हा परिषदेच्या शाळेत हयातभर शिकवून साठवलेले.

तुमच्या गॅरेजमध्ये आलो तेव्हा तुम्ही कुठल्याशा गाडीखाली होतात. हात पुसत बाहेर आलात, आमचं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "पैसे कुणाचे घालताय?" मी आईकडे बोट दाखवलं. त्यावर तुम्ही जे केलंत त्यासाठी हे पत्र आहे. बाकड्याखालचं स्टूल ओढलंत, ते फडक्याने पुसलंत, आईला खुर्ची दिलीत आणि आमच्याकडे पाठ करून तिच्यासमोर बसलात. "बाई, मग तुम्हालाच सांगतो. नाही कळलं तर थांबवा मला," म्हणालात. ब्रेक पॅडच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर मार्करने तीन रकाने आखलेत: कधी बनली, कधी विकली, कधी नोंदली.

तासभर तुम्ही तिला शिकवत होतात आणि ती मान डोलावत प्रश्न विचारत होती. ऑपरेशननंतर पहिल्यांदा मी तिला इतकं ताठ बसलेलं पाहिलं.

तुम्ही तिला सांगितलेलं इथे थोडं लिहिते, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल. २०१३ मध्ये बंगळुरूजवळ बिडदीच्या कारखान्यात बनायला लागलेल्या जुन्या पिढीच्या गाड्या आता स्वस्त मिळतात, पण त्यांची बॅटरी मागच्या सीटच्या पाठीमागे, डिकीची जागा खाऊन बसलेली. २०१९ च्या पिढीत ती सीटखाली गेली आणि डिकी मोकळी झाली. कंपनीने सांगितलेलं मायलेजही लिटरला १९.१६ वरून २३.२७ किलोमीटरवर गेलं. जानेवारी २०२२ मध्ये बंपर बदलला, नऊ इंची स्क्रीन आली, फोनमधली ॲप्स त्या स्क्रीनवर वापरायची सोय आली. इंजिन तेच, बॅटरी तीच निकेल-मेटल हायड्राइडची. "बाईंना स्क्रीन बघायचीय का मागं आरामात बसायचंय?" असं विचारून २०२२ चा विषय तुम्ही तिथेच मिटवलात. आमचे केवढे पैसे वाचले त्यात.

आणि मग २०२१. आमच्यासमोर दोन गाड्या होत्या, दोन्ही "२०२१ मॉडेल". तुम्ही पुठ्ठ्यावर मधल्या रकान्याखाली दोन रेघा ओढल्यात. बॅटरीची वॉरंटी आधी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर होती. १ ऑगस्ट २०२१ पासून विकलेल्या गाड्यांना ती आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर झाली. गाडीबाजारातली पांढरी गाडी मार्चमध्ये विकलेली. म्हणजे तिच्या बॅटरीची वॉरंटी कधीच संपलेली, आणि त्याच गाडीवर आम्हाला आठ वर्षांची हमी तोंडी दिली जात होती. दुसरी, पुण्याची करड्या रंगाची, ऑक्टोबरमध्ये विकलेली. सालाचा आकडा दोन्हींवर एकच. एवढी साधी गोष्ट, पण आम्हाला ती सांगावी असं त्याआधी कुणालाच वाटलं नव्हतं.

"माझ्या शब्दावर जाऊ नका, चासिस नंबर देऊन कंपनीकडून लेखी घ्या," हेही तुम्हीच सांगितलंत, आणि कुणाला मेल करायचा तेही. लेखी आलं. करड्या गाडीच्या बॅटरीची वॉरंटी ऑक्टोबर २०२९ पर्यंत.

ती करडी गाडी तपासायला आलात तेव्हा आरसी बुकवरचा महिना आधी पाहिलात, मग सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या मुळाशी शिवलेली चिठ्ठी आईला वाचायला लावलीत, मग टायरवरचे चार आकडे. आधीचे दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. आई आता पार्किंगमधल्या शेजाऱ्यांचे टायर वाचत फिरते. मागच्या सीटखालची जाळी तुम्ही गुडघ्यावर बसून काढलीत. बॅटरीला थंड हवा तिथून जाते म्हणालात. तिच्यावर करड्या लोकरीसारखा धुळीचा थर होता. गाडी अजून आमची नव्हती, तरी तुम्ही ती साफ करून बसवलीत आणि मालकालाही समजावलंत की इथे चादर-पिशव्या टाकू नका.

तुम्ही तुमचा दर घेतलात, पावती दिलीत. दलालाकडून काही नाही, आमच्याकडून वरचं काही नाही. मला तेही फार आवडलं. उपकार केल्याचा आव नव्हता. समोरच्या म्हातारीला सगळं कळू शकतं हे तुम्ही गृहीत धरलंत, ही माणुसकी मला आजकाल दुर्मीळ वाटते. बँकेच्या खिडकीवर, दवाखान्यात, तलाठ्याच्या टेबलासमोर, किती ठिकाणी म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावरून बोललं जातं! त्यांच्याच जमिनीबद्दल, त्यांच्याच शरीराबद्दल, त्यांच्याच पैशांबद्दल. आणि अशी एकदोन माणसं असतात, जी खुर्ची वळवून त्यांच्याकडे तोंड करून बसतात. सरकारी दवाखान्यातली एक परिचारिका अशी होती, आईच्या ऑपरेशनच्या वेळी. आमचे जुने पोस्टमनकाकाही तसेच होते. ही माणसं मोठी काही बोलत नाहीत. पण त्यांच्या समोर बसलेल्या माणसाचा कणा सरळ होतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

गाडी छान चालते आहे. गेल्या फेरीत हायवेच्या सहापदरीकरणाच्या कामातले सगळे डायव्हर्जन पार करून आई पुण्यात स्वतःच्या पायांनी उतरली, हात न धरता. तो पुठ्ठा तिने शाळेच्या हजेरीपटासारखा फाइलला लावून ठेवलाय, आरसी बुकच्या आधी.

तिचे दोन प्रश्न राहिलेत. डिकीतली बारा व्होल्टची छोटी बॅटरी, गाडी आठवडाभर उभी राहिली तर उतरते का? आणि ती जाळी पावसाळ्याआधी काढायची की नंतर? मी नेटवर बघून सांगते म्हटलं तर "मामांनाच विचारायचं" म्हणाली. शनिवारी सकाळी अकराला घेऊन येते तिला. तुम्ही गाडीखाली असाल तर आम्ही थांबू.

आपली कृतज्ञ,
बाईंची मुलगी